स्क्रूड्रायव्हर खिशातच राहू द्या

(सांगलीत हौशी रेडिओ-कंट्रोल गाडीवाल्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, 'नायट्रो गाडी चालू होईना, तर काय करावं'. नायट्रो म्हणजे मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या मिश्रणावर, छोट्या इंजिनानं पळणारी आपली गाडी. ते सांगणार आहे, क्रमानं सांगणार आहे. पण आधी काय करू नये ते सांगतो, कारण खरी अडचण तिथंच आहे. दोरी चार-पाच वेळा ओढली, इंजिन फुरफुरलंसुद्धा नाही, की लगेच हात स्क्रूड्रायव्हरकडे जातो. आत्ता कोणाकोणाच्या खिशात तो आहे, हे मी विचारत नाही. (हशा)

कार्ब्युरेटरवर, म्हणजे हवेत फ्युएल मिसळणाऱ्या भागावर, फिरवण्यासारख्या तीन जागा असतात. मोठी नीडल, म्हणजे सुईच्या टोकाचा स्क्रू, फुल थ्रॉटलला किती फ्युएल जायचं ते ठरवणारी. छोटी नीडल, कमी वेगाची. आणि आयडल स्क्रू, थ्रॉटल सोडल्यावर हवेची फट किती उघडी राहायची ते ठरवणारा. आपला माणूस हमखास मोठ्या नीडललाच हात घालतो, कारण ती वर असते आणि सहज फिरते. गाडी चालू करताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतं. त्या वेळी काम चालतं ते मुख्यतः फटीवर आणि छोट्या नीडलवर. म्हणजे जिचा या तक्रारीशी सगळ्यात कमी संबंध, तिलाच आपण आधी पिळतो.

आता सरळ विचार करा. परवा रविवारी गाडी झकास पळत होती. आठवडाभर ती कपाटावर बसली. नीडल काय स्वतःहून फिरली? बिघाड दुसरीकडंच आहे. तुम्ही नीडल फिरवलीत, की एका बिघाडाचे दोन झाले. मग ग्लो प्लग, म्हणजे इंजिनात फ्युएल पेटवणारा प्लग, बदला, फ्युएल बदला, गाडी चालू होणार नाही, आणि प्लग तर नवाच आहे म्हणून तुम्ही पुन्हा नीडलकडं वळणार. शेजारी दोन जाणकार उभे असतातच. एक म्हणतो अर्धा फेरा उघड, दुसरा म्हणतो एक फेरा बंद कर. अहो, ट्यूनिंगचा हिशेब फेऱ्याच्या आठव्या भागाचा आहे!

ज्यांनी आधीच फिरवून ठेवलीय त्यांच्यासाठी: नीडल घड्याळाच्या दिशेनं हळूच बंद करत जा, टेकल्याचं जाणवलं की थांबा. पिळून आवळलीत तर आतली बैठक खराब होते आणि पुढं ती कधीच नीट जुळत नाही. तिथून इंजिनच्या माहितीपत्रकात दिलेत तेवढे फेरे उघडा. प्रत्येक इंजिनचा आकडा वेगळा असतो, मित्राच्या गाडीचा घेऊ नका. आणि आकडा टाकीच्या झाकणावर मार्करनं लिहून ठेवा.

नीडल फिरवायला रास्त कारणं आहेत, नाही असं नाही. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, पाचगणी १३०० च्या आसपास. इथं ट्यून केलेली गाडी टेबललँडवर नेली की हवा विरळ, फ्युएल तेवढंच, म्हणजे गाडी रिच होते, हवेच्या मानानं फ्युएल जास्त, आणि धूर ओकते. फ्युएल कमी पडलं तर लीन. तिथं नीडल थोडी बंद करावी लागते. डिसेंबरच्या पहाटे उलट. थंड हवा दाट, म्हणून किंचित उघडायची. पण हे चालू असलेल्या, तापलेल्या इंजिनवर करायचं काम आहे. मुकं इंजिन काय सांगणार तुम्हाला, रिच आहे की लीन?

दुसरी तक्रार पेट्रोलची. या सभागृहात कोणी टाकीत पेट्रोल घातलं नसेल असं गृहीत धरतो. (मागून आवाज: 'एकदाच!') असू दे. चेतक स्कूटर तिरपी करून किक मारणाऱ्या पिढीला वाटतं, टू-स्ट्रोक म्हणजे टू-स्ट्रोक, तिथं चाललं ते इथं का नाही? कारण चेतकला स्पार्क होता, इथं स्पार्कच नाही. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचं वेटोळं असतं. सुरुवातीला इग्नायटर, म्हणजे प्लगवर लावायचा सेल, ते तापवतो. नंतर मिथेनॉलची वाफ त्या प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर प्रक्रिया करते आणि दाबाच्या उष्णतेच्या मदतीनं तार लाल ठेवते. म्हणून इग्नायटर काढला तरी इंजिन चालतं. पेट्रोल त्या तारेशी असं वागत नाही. शिवाय मिथेनॉलला हवेच्या मानानं पेट्रोलच्या दुपटीहून जास्त प्रमाण लागतं, कार्ब्युरेटर त्याच हिशेबानं बनवलेला असतो. आणि सिलिकॉनच्या नळ्या पेट्रोलनं फुगतात, ते वेगळंच. एक पंचमांश मापाच्या मोठ्या गाड्या पेट्रोलवर चालतात, पण त्यांना स्पार्क प्लग असतो. ती जात वेगळी, त्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

चिठ्ठी आली. सात मिनिटं राहिलीत म्हणे. बरं, मग क्रम भरभर घेतो, लिहून घ्या.

आधी इग्नायटर. निम्म्या तक्रारी इथंच मिटाव्यात. ८ मिलिमीटरच्या पान्यानं प्लग काढा, खालचा तांब्याचा वायसर हरवू नका. प्लग इग्नायटरला बाहेर लावून बघा. तार झगझगीत नारिंगी दिसली पाहिजे. मंद लाल असेल तर आधी सेल चार्ज करा. प्लग साधारण ३ अँपिअर ओढतो, मरतुकड्या सेलला ते झेपत नाही. पूर्ण चार्ज करूनही तार पेटत नसेल, वेटोळं वाकडं किंवा करडं पडलं असेल, तर प्लग बदला. इग्नायटरचं काम सव्वा ते दीड व्होल्टचं. मोबाइलचा लिथियम सेल किंवा मोटरसायकलची बॅटरी लावलीत तर तार क्षणात उडते.

प्लग बाहेर आहेच, तर दोरी ओढून बघा. सहज फिरलं आणि प्लग लावल्यावर अडतं, तर इंजिनात फ्युएल भरलंय. द्रव दाबला जात नाही. जोर कराल तर दोरी तुटेल नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकेल. प्लग काढून, वर फडकं धरून, इग्नायटर लांब ठेवून, गाडी उलटी करा आणि चार-पाचदा ओढा. डोळे लांब ठेवा, मिथेनॉल जोरात उडतं. दोरी एका वेळी ३० सेंटिमीटरच्या पुढं ओढू नका. दोरी फिरते पण इंजिन फिरत नाही, तर वन-वे बेअरिंग, म्हणजे दोरीचा ओढा इंजिनकडे पोचवणारं बेअरिंग, घसरतंय. ते स्वच्छ करा, नाहीतर बदला.

मग फ्युएल पोचतंय का ते बघा. सायलेन्सरच्या तोंडावर बोट ठेवून दोन-तीनदा ओढा, नळीत फ्युएल कार्ब्युरेटरपर्यंत सरकलेलं दिसलं पाहिजे. दिसल्यावर बोट काढा, नाहीतर आत्ताच सांगितलेला पूर येतो. सरकत नसेल तर सायलेन्सरपासून टाकीकडे येणारी प्रेशर नळी तपासा, झाकणाचा सील बघा. टाकी पाण्यात बुडवून, एक नळी बंद करून दुसरीतून फुंका. बुडबुडे आले तिथं गळती. फ्युएल स्वतः जुनं असेल तरी संशय घ्या. मिथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, पावसाळ्यात तर झाकण सैल असलेली बाटली महिन्याभरात बिघडते. नायट्रोमिथेनला उजेड सोसत नाही, म्हणून बाटली अंधारात ठेवायची.

हवा. फिल्टर काढून आत बघा, थ्रॉटल सोडल्यावर फट १ मिलिमीटरच्या आसपास हवी. सर्व्हो, म्हणजे थ्रॉटल हलवणारी छोटी मोटर, थ्रॉटल नीट बंद करते का तेही बघा. उसाच्या रस्त्यावरची धूळ बसलेला फोम धुवा, तेल लावा. फिल्टरशिवाय ओढून बघू नका.

शेवटी कॉम्प्रेशन. थंड इंजिनाचं फ्लायव्हील हातानं फिरवा. पिस्टन वर येताना स्लीव्हमध्ये, म्हणजे तो ज्या नळीत सरकतो तिच्यात, घट्ट अडकल्यासारखा लागला पाहिजे. नवं इंजिन तर तिथं अडूनच बसतं, त्याला हेअर ड्रायरनं तापवून घ्या, मग ओढा. जुन्यात ती पकड उरलीच नसेल तर पिस्टन आणि स्लीव्ह संपलेत. तिथं नीडल, प्लग, फ्युएल, कशाचाच इलाज नाही.

चालू होऊन इग्नायटर काढल्याबरोबर मरते? वेग वाढत जाऊन बंद पडली तर लीन, धूर काढत मंदावली तर रिच. आता काढा स्क्रूड्रायव्हर, छोट्या नीडलला आठवा भाग. (हशा, टाळ्या)

वेळ संपली. प्रात्यक्षिक बाहेर अंगणात आहे, आत इंजिन लावणार नाही. मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही आणि ते पोटात गेलं तर विष आहे. मुलांना बाटलीपासून दूर ठेवा, सिगारेट ओढणाऱ्यांनी गेटपलीकडं जावं. ज्यांच्या गाड्या चालू होत नाहीत त्यांनी डावीकडच्या टेबलाशी रांग लावा, आणि येताना आपापला इग्नायटर घेऊन या.