पहिली कादंबरी, पहिलं पत्र

(दृश्य: भिलार, सकाळ)

भिलार. सातारा जिल्ह्यातलं, पाचगणीजवळचं स्ट्रॉबेरीचं गाव; ४ मे २०१७ पासून पुस्तकांचंही गाव. इथे घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. कुणीही यावं, बसून वाचावं. पहिली कादंबरी लिहून झालेल्याने मात्र पुस्तकाची वाचक सहसा उलटून टाकतो ती पानं आधी बघावीत.

हे बोट थांबलंय ते शीर्षकपानाच्या मागच्या बाजूवर: प्रकाशक, आवृत्ती, हक्क. मग ऋणनिर्देश. इथे लेखक संपादकाचं नाव घेतो. इंग्रजी कादंबरीत याच पानावर बहुधा एजंटचे, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी व्यवहार करणाऱ्याचे, आभार असतात. आपल्या कादंबरीच्या जातकुळीतल्या दहा पुस्तकांतली ही नावं वहीत उतरवली, की कुणाला लिहायचं ते ठरलं.

मराठीत एजंटची पद्धत जवळजवळ नाही. लेखक थेट प्रकाशकाला लिहितो, आणि ही मोठी सोय आहे. एजंट लागतो तो इंग्रजीत लिहिणाऱ्याला, किंवा बाहेरच्या भाषांत हक्क विकायचे असतील त्याला. तयारी दोघांचीही सारखीच.

(दृश्य: साताऱ्यातलं डीटीपी सेंटर)

बाड तयार होतंय. ए-फोर कागद, ओळींत दुप्पट अंतर, चारही बाजूंना इंचभर समास, प्रत्येक पानावर क्रमांक. अक्षर युनिकोडच हवं. पडद्यावर आहे ते जुन्या फाँटमधलं पान. दुसऱ्या संगणकावर उघडलं आणि जोडाक्षरांच्या जागी ही चिन्हं आली. अशी फाइल कुणी दुरुस्त करत बसत नाही.

ईमेलसोबत तीन गोष्टी जातात: एक पानी पत्र, कथासार, पहिली तीन प्रकरणं. पत्रात कादंबरीचं नाव, शब्दसंख्या, दोन-तीन वाक्यांत गाभा, आणि हे बाड याच माणसाकडे का पाठवलं ते. भिलारची वही इथे कामाला येते. स्वतःबद्दल दोन ओळी पुरतात.

कथासारात बहुतेक जण अडतात. ‘पुढे काय होतं ते वाचूनच कळेल’ असं लिहून मोकळे होतात. पण कथासार म्हणजे मलपृष्ठावरचा मजकूर नव्हे. शेवट पेललाय का, हे त्यातूनच बघतात. म्हणून शेवट सांगायचाच. प्रकरणंही पहिलीच, मधलं रंगलेलं नाही. आणि कादंबरी पुरी होण्याआधी काहीच पाठवायचं नाही. आवडलं तर लगेच पूर्ण बाड मागतात.

(दृश्य: ग्रंथप्रदर्शन)

जानेवारी २०२६, सातारा, ९९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. ही ग्रंथप्रदर्शनातली गर्दी. गाळ्यावर बसतात ते बहुधा विक्रीचे लोक. त्यांच्या हाती बाड दिलं, तर ते उरलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात बांधलं जातं. सकाळी, गर्दी नसताना जायचं, एखादं पुस्तक घ्यायचं आणि विचारायचं, “कादंबऱ्यांचं संपादन कोण बघतं? ईमेल मिळेल का?” एजंट भेटतात ते जयपूरसारख्या साहित्य महोत्सवांत. तिथेही कादंबरी दोन वाक्यांत सांगायची, पाठवू का एवढं विचारायचं, आणि आठवड्याच्या आत त्या भेटीचा उल्लेख करून पाठवायचं.

एजंट आगाऊ पैसे घेत नाही. लेखकाच्या मिळकतीतून साधारण १५ टक्के, परदेशी आणि अनुवादाच्या हक्कांवर २० टक्के. वाचायचे पैसे मागितले, की तिथेच थांबा. मराठीत हीच मागणी ‘छपाईचा निम्मा खर्च तुमचा’ म्हणून येते. पैसे भरू नका. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिथे अर्ज करा.

करारात हक्कांची मुदत आणि प्रदेश लिहून घ्या. नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पाच वर्षं आणि भारत धरतात.

(दृश्य: वहीचं पान)

कुणाला पाठवलं, कधी, उत्तर काय. तीन महिन्यांनी एकच आठवण. उत्तराचा रकाना अजून कोरा आहे.