हाक ओळखीची, पण दारात कोण?

मंडळी, सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की आपण पिशवी घेऊन दारात जातो. भोंपू कोण वाजवतोय हे कोणी आधी तपासत नाही, कारण आवाज ओळखीचा असतो. टर्मिनलवर, म्हणजे संगणकाला लिहून आज्ञा देण्याच्या खिडकीत, ‘सीडी’ (फोल्डर बदलण्याची आज्ञा) किंवा ‘सुडो’ (पासवर्ड विचारून मुख्य प्रशासकाच्या अधिकाराने काम करवणारी आज्ञा) टाइप करताना आपला विश्वास अगदी असाच असतो, आणि मला आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

तुम्ही शब्द लिहिलात की बॅश, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा ‘शेल’ प्रोग्राम, तो ठरलेल्या क्रमाने शोधतो. आधी एलियास (आज्ञेला दिलेलं टोपणनाव), मग फंक्शन (एका नावाखाली बांधलेल्या आज्ञा), मग शेलमधली अंगभूत आज्ञा, आणि सगळ्यात शेवटी पाथमधल्या, म्हणजे आज्ञा शोधायच्या यादीतल्या, फोल्डरांतली फाइल. म्हणजे बॅश सुरू होताना वाचतो त्या बॅशआरसी फाइलीत ‘सीडी’ नावाचं फंक्शन असेल, तर मूळ सीडीची पाळी येतच नाही. ही फाइल तुमच्या होम फोल्डरमध्ये, तुमच्याच मालकीची. ती बदलायला रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, पासवर्ड लागत नाही.

मी स्वतः हे केलं होतं. पणजीत पाट्टोवर नोकरीला असताना माझ्या सीडीला मी एक सोय जोडली: फोल्डरमध्ये शिरताच तिथली सेटिंगची फाइल आपोआप चालवायची. एकदा बाहेरून आलेला प्रोजेक्ट नुसता वाचायला म्हणून उघडला. आत शिरलो मात्र, आणि तिथल्या फाइलीने डेटाबेसचा पत्ता बदलला. माझी पुढची आज्ञा भलत्याच डेटाबेसवर गेली. त्या फाइलीत काहीही असू शकलं असतं, आणि ते माझ्या नावाने, माझ्या अधिकाराने चाललं असतं. परक्याचं फोल्डर पाहणं आणि परक्याचा कोड चालवणं यांतला फरक मीच पुसून टाकला होता.

सुडोचं प्रकरण याहून गंभीर आहे. ज्याला फक्त तुमच्या खात्यात शिरता आलंय, तो बॅशआरसीत तीन-चार ओळींचं ‘सुडो’ फंक्शन टाकतो. ते हुबेहूब तसाच पासवर्ड विचारतं, फाइलीत लिहून ठेवतं, मग खऱ्या सुडोकडे काम सोपवतं. तुमचं काम होतं, संशय येत नाही, आणि त्याच्या हाती रूट लागतो.

आज्ञेआधी उलटी तिरपी रेघ दिली की एलियास टळतो, पण फंक्शन टळत नाही. त्यासाठी ‘कमांड’ हा शब्द आधी लावतात, अंगभूत आज्ञेसाठी ‘बिल्टइन’. ‘टाइप’ला ‘ए’ हा पर्याय देऊन विचारलं, तर एका नावामागे काय काय उभं आहे ते सगळं क्रमाने दिसतं. पण ‘टाइप’, ‘कमांड’ ही नावंसुद्धा फंक्शनने झाकता येतात! पहारेकरीच फितवलेला असेल तर त्याला विचारून काय उपयोग? म्हणून संशय आला की दुसऱ्या, स्वच्छ खात्यातून ती फाइल उघडा आणि ओळ न् ओळ वाचा.

फाइल पुसणाऱ्या ‘आरएम’वर आधी विचारून पुसण्याचा एलियास बरेच जण लावतात. मला तो पटत नाही. हाताला सवय लागते, आणि एलियास नसलेल्या सर्व्हरवर तोच हात न विचारता पुसून मोकळा होतो.

सोयी हव्यातच. फक्त त्यांना वेगळं नाव द्या. माझ्या फंक्शनचं नाव आता ‘वच’ आहे, आपल्या कोंकणीतलं ‘जा’. ते सेटिंगची फाइल आधी दाखवतं आणि मी होकार दिल्यावरच चालवतं. सीडीला मी आता हात लावत नाही.