ओहायो नदीच्या पलीकडे

नमस्कार. क्वेकर हे नाव आपल्यापैकी ज्यांच्या कानावर आलं असेल, त्यांच्या ते बहुधा सेवाग्रामच्या संदर्भात आलं असेल. नई तालीमच्या कामात तिथं राबलेल्या मार्जरी साइक्स क्वेकर होत्या. आज मी बोलणार आहे ते याच पंथातल्या, पण फार आधीच्या आणि अमेरिकेतल्या माणसांबद्दल. साधारण १७९५ ते १८३० या काळात दोन्ही कॅरोलायना आणि जॉर्जिया या राज्यांतून हजारो क्वेकर कुटुंबं जमीनजुमला विकून ओहायो नदीच्या पलीकडे गेली. ती का गेली आणि कशी गेली, हे सांगेनच. पण मला जास्त छळतो तो पुढचा प्रश्न: अन्याय सोसवत नाही म्हणून गाव सोडून जाणं, हा निषेध पुरेसा असतो का?

आधी थोडी ओळख करून देतो. सतराव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सच्या शिकवणुकीतून हा पंथ उभा राहिला. प्रत्येक माणसाच्या आत ईश्वराचा प्रकाश असतो, ही त्यांची मूळ श्रद्धा. त्यामुळे त्यांच्याकडे पगारी पुरोहित नाही. प्रार्थनेला जमायचं, गप्प बसायचं, आणि ज्याला आतून प्रेरणा होईल त्यानं उठून बोलायचं. तो पुरुष असेल, बाई असेल. ज्यांच्या बोलण्यात सातत्यानं काही सत्त्व आहे असं सभेला वाटे, त्यांची उपदेशक म्हणून नोंद होई. नोंद होई इतकंच, मोबदला काही नाही. शेती करायची आणि प्रेरणा झाली की घोड्यावर बसून निघायचं. शस्त्र धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही, कुणापुढे टोपी काढायची नाही. इंग्लंडमध्ये यापायी तुरुंग भोगला. १६८१ मध्ये विल्यम पेनला राजाकडून पेनसिल्व्हेनियाची सनद मिळाली आणि अमेरिकेत त्यांना हक्काची जागा झाली.

तिथून ते लगेच पश्चिमेकडे गेले नाहीत. ॲपलाचियन डोंगररांगा आडव्या होत्या. फिलाडेल्फियाच्या आसपास जमीन महागली तशी कुटुंबं शेनांडोआ खोऱ्यातून दक्षिणेकडे उतरत गेली. उत्तर कॅरोलायनात केन क्रीकची सभा, म्हणजे तिथली प्रार्थनेची मंडळी, १७५१ ची, न्यू गार्डनची १७५४ ची. १७७१ पासून नॅन्टुकेट बेटावरची देवमाशांच्या शिकारीवर जगणारी घराणीही तिथं येऊन शेती करू लागली. पुढे दक्षिण कॅरोलायनात बुश रिव्हर, जॉर्जियात राइट्सबरो. म्हणजे पन्नासएक वर्षं हा ओघ दक्षिणेकडे, गुलामगिरीच्या मुलखात शिरत होता. त्यातल्या काहींनी गुलाम ठेवलेही, हे विसरून चालणार नाही.

मग पंथाच्या आत मंथन सुरू झालं. १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनं, म्हणजे त्या भागातल्या क्वेकरांच्या सर्वांत वरच्या सभेनं, ठरवलं की गुलाम बाळगणाऱ्याला पंथात जागा नाही. उत्तर कॅरोलायनातल्या क्वेकरांनीही आपले गुलाम मुक्त करायला सुरुवात केली. आणि इथं कायदा आडवा आला. काउंटी कोर्टानं 'विशेष सेवा' मान्य केल्याशिवाय गुलामाला मुक्त करता येत नसे. १७७७ मध्ये हा कायदा आणखी कडक झाला आणि क्वेकरांनी सोडलेल्या माणसांना पकडून पुन्हा लिलावात विकलं गेलं. कल्पना करा, तुम्ही पापाचं ओझं उतरवायला एखाद्याला मोकळं करता, आणि तुमच्याच त्या कृतीमुळे तो अनोळखी मालकाच्या हाती जातो. शेवटी १८०८ मध्ये उत्तर कॅरोलायनाच्या वार्षिक सभेनं वेगळीच वाट काढली. सभासदांनी आपले गुलाम कागदोपत्री सभेच्याच नावावर करायचे, आणि सभेनं त्यांना प्रत्यक्षात मोकळं वागवायचं. गुलामगिरीला विरोध करणारी संस्था कायद्याच्या दृष्टीनं शेकडो गुलामांची मालक झाली.

या कोंडीत ओहायोचं नाव पुढे आलं. १७८७ च्या वायव्य प्रदेश अध्यादेशानं ओहायो नदीच्या वायव्येला गुलामगिरीला बंदी घातली होती. शिवाय १८०० च्या कायद्यानं सरकारी जमीन एकरी दोन डॉलरनं, हप्त्यानं मिळू लागली. कॅरोलायनातल्या जमिनी थकल्या होत्या, मुलं वाढली होती, मजूर न ठेवता घरच्या हातांनी शेती करणाऱ्याला गुलामांच्या शेतीशी बरोबरी करणं कठीण होतं. हे सगळं एकमेकांत गुंतलेलं होतं. सद्सद्विवेक किती आणि एकरी भाव किती, असं वेगळं काढायला गेलो तर आपण त्या माणसांवर अन्याय करू. त्यांच्या लेखी गुलामांशिवाय कसता येईल अशी जमीन, हीच धर्माला धरून असलेली जमीन होती.

उपदेशकांचं काम इथं दिसतं. थॉमस बील्स हा १७१९ मध्ये जन्मलेला उपदेशक. १७७५ मध्ये शॉनी आणि डेलावेअर या मूळनिवासी लोकांना भेटायला तो सोबत्यांसह निघाला, तर वाटेतल्या किल्ल्यावरच्या सैनिकांनी त्याला शत्रूला सामील म्हणून अडवलं. उपदेशक म्हणवतोस तर बोलून दाखव, असं म्हटल्यावर त्यानं तिथंच सभा घेतली आणि त्याची सुटका झाली. ओहायोच्या जंगलात क्वेकरांची वस्ती होईल, हा ध्यास त्यानं पुढची वीस-पंचवीस वर्षं धरला. अखेर ऐंशीच्या घरात असताना तो स्वतः नदी ओलांडून राहायला गेला आणि १८०१ मध्ये वारला. त्या जंगलात फळ्या कापायची सोय नव्हती. सोबत्यांनी पांढऱ्या अक्रोडाचं अख्खं झाड पाडून, खोड पोखरून त्याची शवपेटी केली.

झकरिया डिक्सचं उदाहरण निराळं. १८०३ च्या सुमारास तो बुश रिव्हर आणि राइट्सबरोला गेला आणि सभेत उभा राहून म्हणाला की या भूमीवर रक्तपात येणार आहे, इथून निघा. हैतीमधल्या गुलामांच्या उठावाच्या बातम्या तेव्हा ताज्या होत्या. लोकांनी पडेल त्या भावानं शेतं विकली. चार-पाच वर्षांत बुश रिव्हरची गजबजलेली सभा जवळजवळ ओस पडली आणि ती माणसं ओहायोच्या मायामी खोऱ्यात दिसू लागली. त्यात चॅरिटी कुक होती. पुष्कळ लेकरांची आई, पाइप ओढणारी ही शेतकरीण अठराव्या शतकाच्या अखेरीस समुद्र ओलांडून इंग्लंड-आयर्लंडमध्ये उपदेश करून आली होती. तीही उतारवयात ओहायोला गेली. त्या काळातली एक सीमाप्रांतातली बाई युरोपचा दौरा करते आणि तिची मंडळी तिला रीतसर पत्र देऊन पाठवतात, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

आता 'रीतसर' म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. क्वेकर माणूस उठला आणि चालू लागला, असं होत नसे. स्थानिक प्रार्थनासभा, तिच्यावर मासिक सभा, त्रैमासिक सभा आणि सर्वांत वर वार्षिक सभा अशी ही रचना. कुटुंबाला जायचं असेल तर मासिक सभेकडे अर्ज करायचा. पुरुषांची सभा दोघांना चौकशीला नेमी, बायकांची सभा दोघींना. देणी फेडली का? व्यवहार मार्गी लावले का? प्रार्थनेला नियमित येतात का? लग्नाळू मुलगा असेल तर इथं कुणाला शब्द देऊन ठेवलाय का? उत्तरं समाधानकारक आली की दाखला लिहिला जाई, त्यात मुलाबाळांची नावं असत, आणि तो जिकडे जायचं त्या सभेच्या नावे असे. आपल्याकडच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखंच हे. तो दाखल केल्याशिवाय नव्या ठिकाणी नाव चढत नाही. कर्ज बाकी असेल तर दाखला अडायचा. तारखांत महिन्यांना नावंसुद्धा नसत, पहिला महिना, दुसरा महिना असंच लिहीत, कारण रूढ नावांतली काही रोमन देवतांची. या वह्या एवढ्या काटेकोर आहेत की एखादं घराणं पेनसिल्व्हेनियातून कॅरोलायना, तिथून ओहायो, इंडियाना, आयोवा असं कधी कुठे गेलं ते आज दोन-अडीचशे वर्षांनंतरही सांगता येतं. राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांचं घराणं असंच कॅरोलायनातून ओहायो आणि तिथून आयोवाला गेलेलं आहे.

कधी अख्खी सभाच उठून गेली. उत्तर कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळ ट्रेंट नदीकाठची मंडळी आधी माणसं पाठवून मुलूख पाहून आली आणि मग १८०० मध्ये, एक-दोन घरं सोडून नव्हे, सगळीच निघाली. काही काळ पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम टोकाला थांबून त्यांनी नदी ओलांडली आणि बेलमॉन्ट काउंटीत जंगल तोडायला घेतलं. त्यांच्यातल्या बोर्डन स्टँटननं १८०२ मध्ये राइट्सबरोच्या लोकांना पत्रानं हा सगळा प्रवास कळवला. तेही निघायच्या विचारात होते. अशी पत्रं सभांमधून फिरत, आणि पुढची कुटुंबं गाड्या जोडत. उत्तर कॅरोलायनातल्या गिल्फर्ड काउंटीतून ब्लू रिज डोंगर ओलांडून कनावा नदीच्या काठानं, नाहीतर कंबरलँड खिंडीतून केंटकीमार्गे. गाडीत सामान, म्हातारी आणि तान्ही मुलं. बाकीचे आठवडेच्या आठवडे पायी.

वस्त्या भराभर वाढल्या. वेन्सव्हिलला मायामीची मासिक सभा १८०३ मध्ये, इंडियानात रिचमंडजवळ व्हाइटवॉटरची १८०९ मध्ये. १८१४ मध्ये ओहायोतल्या माउंट प्लेझंटला दोन हजार माणसं बसतील असं विटांचं सभागृह उभं राहिलं, ते अजून आहे. त्याच्या मधोमध लाकडी पडदी आहे, स्त्री-पुरुषांच्या सभा एकाच वेळी चालाव्यात म्हणून. ती वर-खाली करायला माळ्यावर लाकडी चाकाची यंत्रणा. भोवती झाडांचे बुंधे अजून उभे असतील अशा मुलखात एवढी इमारत बांधणारी माणसं थोड्या दिवसांसाठी आलेली नव्हती. गावांची नावंही त्यांच्याबरोबर सरकत गेली. न्यू जर्सीतलं सेलम, मग ओहायोतलं सेलम, मग इंडियानातलं, आणि १८३० च्या दशकात मिसिसिपीपलीकडे आयोवातलं सेलम. स्ट्रीट नावाचं घराणं हे नाव पुढे पुढे नेत होतं.

पण ही जमीन रिकामी नव्हती. १७९४ मध्ये फॉलन टिंबर्सच्या लढाईत मूळनिवासी हरले, पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलचा तह झाला, म्हणून ती विकायला निघाली. क्वेकरांनी स्वतः बंदूक उचलली नाही. मात्र बंदुकीनं मोकळी केलेली जमीन त्यांनी विकत घेतली. ओहायोतल्या वापाकोनेटाच्या शॉनी लोकांना त्यांनी शेती शिकवली, गिरणी बांधून दिली, त्यांच्या बाजूनं सरकारकडे शब्द टाकला. तरी १८३२ मध्ये शॉनींना तिथून कॅन्ससकडे हाकललं गेलं आणि क्वेकरांची शेतं जागच्या जागी राहिली. त्यांचा कळवळा खरा होता, असं मी मानतो. पण या हिशेबाकडे त्यांनी पुरेसं पाहिलं नाही, असंही मला स्पष्ट म्हणायचं आहे.

गुलामगिरीच्या बाबतीतही नदी ओलांडून सुटका झाली नाही. ओहायोनं १८०७ मध्ये काळ्या माणसांकडून पाचशे डॉलरचा जामीन मागायला सुरुवात केली, इंडियानानं १८३१ मध्ये तेच केलं. उत्तर कॅरोलायनाच्या वार्षिक सभेनं सोबत आणलेल्या मुक्त कुटुंबांना अशा कायद्यांखाली राहावं लागलं. आणि पळून आलेली माणसं रात्री दारात येऊ लागली. न्यू गार्डनमध्ये जन्मलेला लिव्हाय कॉफिन १८२६ मध्ये इंडियानातल्या न्यूपोर्टला आला. लहानपणी त्यानं रस्त्यानं साखळीत जखडून नेलेले गुलाम पाहिले होते. न्यूपोर्टमधलं त्याचं घर फरारी गुलामांचा मोठा आसरा झालं. सगळे शेजारी त्याच्या बाजूचे नव्हते. पुष्कळ क्वेकर म्हणत, आम्ही गुलाम सोडले, मुलूखही सोडला, आता आणखी काय हवं?

१८४२ मध्ये हे उघड्यावर आलं. केंटकीचा नेता हेन्री क्ले, स्वतः गुलामांचा मालक, रिचमंडला आला. हायरम मेंडेनहॉल या क्वेकरानं भर सभेत त्याला आपले गुलाम मुक्त करण्याची विनंती करणारा, शेकडो सह्यांचा अर्ज दिला. क्लेनं घरी जा आणि आपलं काम बघ, असं सुनावलं. दुसऱ्या दिवशी हाच क्ले इंडियानाच्या वार्षिक सभेच्या प्रार्थनेला गेला आणि त्याला मानाची जागा मिळाली. त्याच सुमाराला वार्षिक सभेनं उघडपणे चळवळ करणाऱ्या आठ जणांना आपल्या स्थायी समितीतून काढलं. त्यात चार्ल्स ऑस्बर्न होता. टेनेसीत गुलामगिरीविरोधी संस्था काढणारा, माउंट प्लेझंटला १८१७ मध्ये 'फिलँथ्रोपिस्ट' पत्र चालवणारा, पंथातला ज्येष्ठ उपदेशक. १८४३ मध्ये ऑस्बर्न, कॉफिन आणि त्यांच्या बाजूच्या मंडळींनी न्यूपोर्टला वेगळी वार्षिक सभा स्थापली.

ही फूट मिटवायला लंडनहून १८४५ मध्ये शिष्टमंडळ आलं. त्यात विल्यम फॉर्स्टर होता. त्यानं फुटून निघालेल्यांना परत जायला सांगितलं. त्यांचं म्हणणं मात्र नीट ऐकून घेतलं नाही, असा त्यांचा आक्षेप होता, आणि मला तो रास्त वाटतो. पण फॉर्स्टर तिथं थांबला नाही. सत्तरीला टेकलेला असताना तो पुन्हा अमेरिकेत आला, या वेळी गुलामगिरीविरुद्धचं लंडन सभेचं निवेदन राष्ट्राध्यक्षांच्या आणि राज्याराज्यांच्या गव्हर्नरांच्या हाती द्यायला. जानेवारी १८५४ मध्ये पूर्व टेनेसीत तो वारला आणि फ्रेंड्सव्हिलला त्याला पुरलं. फ्रेंड्सव्हिल हे ओहायोला न गेलेल्या क्वेकरांचं गाव. सात-आठ वर्षांनी यादवी युद्ध पेटलं, टेनेसी दक्षिणेच्या बाजूला गेलं, आणि सैन्यात भरती व्हायला नकार देणाऱ्यांना याच गावातल्या लोकांनी जवळच्या गुहेत लपवलं, खाणं पुरवलं आणि वाटाडे देऊन डोंगरापलीकडे केंटकीत पोचवलं.