दोन बुटांच्या मधला घाट

(पडदा काळा. चेनची बारीक कुरकुर. लांबून ट्रकचा हॉर्न.)

पहाटेचे पावणेसहा. पुणे, सातारा रस्ता. जानेवारीतली थंडी, बोटांची पेरं दुखायला लागली आहेत. तीसेक सायकलस्वार जमलेत. अंगात चमकपट्ट्यांची जॅकेटं, पुढे पांढरा दिवा, मागे लाल. एक कार्यकर्ता एकेकाचे दिवे तपासतो आणि ब्रेव्हे कार्डावर, म्हणजे राइडच्या वेळा नोंदवायच्या कार्डावर, सही करतो. माझ्यापाशी आल्यावर त्याला वाकावं लागतं. बाकी सगळे सायकल टांगांत धरून उभे आहेत, मी मात्र माझ्या सायकलवर टेकून बसलोय.

(सायकल कडेने. कॅमेरा मागच्या चाकापासून पुढे पॅडलपर्यंत सावकाश सरकतो.)

ही रिकंबंट. आमच्या ग्रुपमध्ये हिला 'आडवी' म्हणतात. बसायला आरामखुर्चीसारखं जाळीचं सीट आहे, पाठ मागे रेललेली. पॅडल खाली नाहीत, पुढच्या चाकाच्याही पुढे आहेत. हँडल छातीसमोर येतं. चेन साध्या सायकलच्या जवळजवळ अडीचपट लांब, मधल्या पुलीवरून फिरून मागच्या चाकापर्यंत पोचते. अंधारात ती कुरकुर ऐकू येते ना, ती त्या पुलीची.

पंधरा वर्षं मी वाकून सायकल चालवली. मग मानेच्या मणक्यांनी हात टेकले. डॉक्टर म्हणाले, हँडलवर झुकणं बंद. सायकल बंद असं ते म्हणाले नव्हते, आणि मी ते शब्द घट्ट धरून ठेवले. वर्षभराने एक मित्र परदेशातून येताना ही आडवी खोक्यात घालून घेऊन आला.

आजची राइड बीआरएम, म्हणजे लांबचा पल्ला ठरलेल्या वेळेत पुरा करायची राइड, 200 किलोमीटरची. कात्रज, खंबाटकी, वाई, पसरणीचा घाट चढून पाचगणी आणि आल्या वाटेने परत. वेळ सकाळी सहापासून साडेतेरा तास. 100 किलोमीटरवर पाचगणीचा कंट्रोल, म्हणजे वेळ नोंदवायचा थांबा आहे, तिथे सहा तास चाळीस मिनिटांत पोचायचं, म्हणजे दुपारी बारा चाळीसच्या आत. ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा नंबर कोणी काढत नाही. वेळेत आलात की झालं, तुमचं नाव पॅरिसच्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या सायकल क्लबकडे नोंदवलं जातं. सायकल कशी असावी याबद्दल त्यांची अट एकच: ती फक्त माणसाच्या ताकदीवर चालली पाहिजे.

या अटीवर मी जरा थांबणार आहे, कारण सायकलच्या दुनियेत सगळीकडे ती अशी नव्हती.

(जुन्या छायाचित्रांचा क्रम.)

1933 चा जुलै महिना, पॅरिस. शार्ल मोशे नावाच्या कारागिराने बनवलेल्या आडव्या सायकलवर फ्रान्सिस फोर वेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकल शर्यतींच्या गोल ट्रॅकवर, उतरला. फोर हा पहिल्या फळीतला खेळाडू नव्हता. एका तासात तो 45.055 किलोमीटर गेला. त्याआधीचा विक्रम ऑस्कर एगचा, 1914 सालचा, 44.247 किलोमीटर. तो जवळजवळ एकोणीस वर्षं टिकला होता. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने सायकलची व्याख्या नव्याने लिहिली आणि आडव्या सायकली अधिकृत शर्यतींतून बाद झाल्या. फोरची ताकद वाढलेली नव्हती, त्याला हवा कमी अडत होती, एवढंच. माझ्या मते तो निर्णय चुकला. सायकलने पुढची ऐंशी-नव्वद वर्षं काय रूप घेतलं असतं, हा प्रश्न त्या दिवशी मिटवून टाकला गेला. शर्यतीत जे चालत नाही ते कारखान्यात बनत नाही, आणि कारखान्यात जे बनत नाही ते पेठेतल्या सायकलच्या दुकानात दिसत नाही.

शोध घेणारे मात्र थांबले नाहीत. 2016 मध्ये नेव्हाडातल्या बॅटल माउंटनच्या सपाट रस्त्यावर टॉड रायकर्टने चहूबाजूंनी कवच घातलेल्या आडव्या सायकलवर ताशी 144.17 किलोमीटरचा वेग गाठला. स्वतःच्या पायांनी.

(कात्रज घाट. अंधार, लाल दिव्यांची माळ.)

सपाटीवर हवा हीच मुख्य अडचण, तिथे आडवी पुढे. घाटात वेग इतका उतरतो की हवेला कोणी विचारत नाही, आणि मग आडवीचा फायदा तिथेच संपतो. माझ्या सायकलचं वजन साडेतेरा किलो, मित्रांच्या नऊ-नऊ किलोंच्या. स्वारासकट हिशेब केला तर तो फरक पाच-सहा टक्क्यांचा. प्रत्यक्षात चढावर मी त्याहून बराच मागे पडतो. त्याचं खरं कारण मला त्या दिवशी वाईत एका म्हाताऱ्या माणसाने सांगितलं. तिकडे येतोच.

आम्ही पाच जण. कात्रजच्या चढावर ते चौघं माझ्यापुढे निघून गेले. जुन्या बोगद्यापलीकडच्या उतारावर मी पॅडल न मारता त्यांना गाठलं, शिंदेवाडी येईतो पुढेही गेलो. मग पुन्हा चढ, पुन्हा ते पुढे. पहिल्या काही राइडना यावरून कटकटी झाल्या होत्या. ग्रुपमध्ये एकाने एकाच्या मागे राहून वारा चुकवायचा असतो. माझ्यामागे राहून त्यांना फारसा आडोसा मिळत नाही, मी बुटका पडतो. त्यांच्यामागे मी राहिलो तर मला मिळतो, पण वर-खाली रस्त्यावर आमचे वेग जुळतच नाहीत. शेवटी आम्ही एक रीत पाडली. उतारावर आणि सपाटीवर मी पुढे निघून जायचं, चढाच्या पायथ्याशी कोणी कोणाची वाट बघायची नाही, माथ्यावर मात्र बघायची. तेव्हापासून आमचं भांडण नाही.

(खेड शिवापूर, कापूरहोळ, नीरेचा पूल, शिरवळ. वेगवान दृश्यं.)

उजाडल्यावरचा हा पट्टा आडवीचा. ताशी तीस, बत्तीस, कधी पस्तीस. मनगटावर भार नाही, मान सरळ. वाईट एकच, गतिरोधक. साध्या सायकलवर ढुंगण जरा उचललं की धक्का गुडघ्यांत जिरतो. इथे पाठ सीटला चिकटलेली असते, सगळा दणका कण्यात येतो. महामार्गावरच्या पांढऱ्या रंबलर पट्ट्या लांबून ओळखायला मी शिकलोय.

खंबाटकीचा घाट तेव्हा पुण्याहून जाताना चढूनच जावा लागत होता, बोगदा परतीच्या वाहनांसाठी होता. भरलेले ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत चाललेले, त्यांच्या डाव्या बाजूला मी. माझं डोकं मोटारीतल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर असतं. एका मोटारीच्या मागच्या सीटवरच्या मुलीने काच खाली केली आणि वळण येईपर्यंत माझ्याकडे टक लावून पाहत राहिली. मी हात हलवू शकलो नाही. ताशी आठच्या वेगाला या सायकलवरचा हात सोडता येत नाही.

(वाई. चहाची टपरी. सकाळचे साडेदहा.)

सुरूर फाट्याला महामार्ग सोडला आणि वाईत आलो. कृष्णेवरून येणारा वारा अजून गार होता. चहा घेताना पांढरी टोपी घातलेले एक आजोबा आले आणि सायकलभोवती दोनदा फिरले. ऐन उमेदीत त्यांनी सायकलवरून दुधाच्या किटल्या वाहिल्या होत्या, हे त्यांनीच सांगितलं.

"ह्यावर बसायचं का झोपायचं?"

"टेकून बसायचं, बाबा."

त्यांनी पॅडलला पायाने एक फेरा दिला, सीटवर हात दाबून पाहिला.

"मग चढ कसा घेणार? हिच्यावर उभं र्‍हायला येत न्हाई."

दोन मिनिटांत त्यांनी वर्मावर बोट ठेवलं. चढ अंगावर आला की आपण सीटवरून उठतो आणि अंगाचा सगळा भार पॅडलवर टाकतो. दहा सेकंद का होईना, पण दुसरे स्नायू कामाला लागतात आणि पहिल्यांना उसंत मिळते. आडवीवर अशी उसंत नाही. शेवटपर्यंत तेच पाय, तसेच. शिवाय एक धोका आहे. पाठीला सीटचा आधार असल्याने वजनापेक्षाही जास्त जोर लावता येतो, आणि लावावासा वाटतो. तो मोह गुडघे खाऊन टाकतो. पहिल्या सहा महिन्यांत मी तो केला आणि दोन महिने घरी बसलो.

"बारका गिअर टाकून हळूहळू फिरवत राहायचं, बाबा," मी म्हणालो.

"म्हंजे बैलावानी," ते म्हणाले. चहाचे पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत.

(पसरणी घाटाचा पायथा. घड्याळ: 10:50.)

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटरवर, पाचगणी सुमारे 1,300. मधे दहा-बारा किलोमीटरचा घाट. पुढे 26 दातांची चेनरिंग, मागे 36 दातांचं चक्र. या गिअरमध्ये पॅडलच्या एका फेऱ्याला सायकल दीड मीटर सरकते. मिनिटाला पंचाहत्तर फेरे मारले तर वेग ताशी साडेसहा-सात.

चौघं पहिल्याच वळणाला दिसेनासे झाले.

(हेल्मेटवरचा कॅमेरा. चौकटीच्या मधोमध दोन बूट, एकाआड एक वर येणारे. त्यांच्या मधे रस्ता.)

हे मला दिसणारं दृश्य. दोन बूट आणि त्यांच्यामधला घाट. वाकून चढताना मी याच घाटात वर्षानुवर्षं पुढच्या चाकाखालचं डांबर बघितलं होतं. धोम धरणाचं पाणी इथून एवढं दिसतं, पलीकडे पांडवगड असा उभा असतो, हे मला माहीत होतं, पण ते थांबल्यावर बघायचं असतं असा माझा समज होता. आता मान न उचलता समोर दिसत होतं. कठड्यावर माकडं बसली होती, त्यांचे डोळे आणि माझे डोळे एका पातळीवर. एका माकडिणीने पोटाशी धरलेलं पिल्लू जरा आत ओढलं आणि मी सावकाश पुढून जाईपर्यंत नजर हटवली नाही.

सातव्या किलोमीटरच्या आसपास एक डावं वळण आलं, आतल्या बाजूने फार खडं. अशा वळणावर आडवीची आणखी एक अडचण असते. चाक जास्त वळवलं की टाच पुढच्या चाकाला घासते. म्हणून मी वळण बाहेरून घेतो. त्याच वेळी वरून एसटी आली, वळायला तिला सगळा रस्ता लागला. मी आत आलो, टाच टायरला लागली, पॅडल अडलं आणि मी थांबलो. थांबलो म्हणजे क्लीट, बूट पॅडलला अडकवणारी खाच, सुटेपर्यंत डाव्या कुशीवर टेकलो. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही.

पडण्यापेक्षा परत निघणं अवघड. चढावर आडवी सुरू करताना एक पाय पॅडलवर वर धरायचा, दुसरा जमिनीवर. पहिल्या एका जोरात सायकलने एवढं पुढे जायला हवं की दुसरा पाय उचलून क्लीट अडकवता येईल. पहिला प्रयत्न फसला. दुसराही. सायकल दर वेळी जागच्या जागी डुगडुगायची. हृदयाचे ठोके कानात ऐकू येत होते. मग सायकल रस्त्याला आडवी केली, तोंड दरीकडे. दोन्ही बाजूंची वाहनं जाऊ दिली. आडव्या दिशेला चढ नसतो. एक जोर, दुसरा पाय वर, क्लीटचा 'टक्' आवाज, आणि लगेच हँडल वरच्या दिशेला.

(क्लीटचा आवाज. मग पुन्हा चेनची कुरकुर.)

त्यानंतरचे चार किलोमीटर मी घड्याळाकडे बघितलं नाही, फक्त फेरे मोजले. शंभर झाले की पुन्हा एकपासून. पायांची बोटं बधिर झाली होती. पाय सतत वर असतात, रक्त तिथवर नीट पोचत नाही, याची सवय होते पण ते पूर्ण जात नाही. घाटमाथा जवळ आला तेव्हा हॅरिसन्स फॉलीच्या पठारावरून सुटलेलं एक पॅराग्लायडर बरोब्बर माझ्या डोक्यावरून गेलं. केशरी रंगाचं. ते वळून दरीत उतरेपर्यंत मी त्याला डोळ्यांनी सोबत केली, पाय फिरतच होते.

पाचगणीच्या कंट्रोलवर वेळ पडली 12:21.

चौघं तिथेच होते. त्यांना अर्ध्या तासापूर्वीच परत फिरता आलं असतं, पण माथ्यावर वाट बघायची ही आमची रीत. एकाने माझ्या कोपराकडे पाहिलं, काही न विचारता बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि हातात स्ट्रॉबेरीचा द्रोण दिला. थंड, आंबटगोड, देठाशी अजून माती असलेली. तशी स्ट्रॉबेरी मी त्याआधी खाल्ली नव्हती.

(परतीचा उतार.)

पसरणीच्या उतारावर मी ब्रेक थोडे थोडे आणि अदलूनबदलून दाबले, सतत दाबून धरले तर ते तापतात. वाई, सुरूर, मग खंबाटकीचा बोगदा. आत ट्रकांचा आवाज भिंतींवरून परत येतो. मागचा दिवा लुकलुकता ठेवून पाचही जण एका ओळीत निघालो, मी मधे. ही जागा त्यांनी ठरवली होती, मला विचारलं नव्हतं. पुढे शिरवळला पिठलं-भाकरी, आणि नीरेच्या पुलावर ऊन कलायला लागलं.

(कात्रजचा जुना बोगदा. संध्याकाळ.)

शिंदेवाडीहून कात्रज चढेपर्यंत अंधार झाला. शेवटचा चढ. पाय आता जोर मागत नव्हते, नुसते फिरत होते. बोगद्याच्या तोंडाशी चार लाल दिवे उभे दिसले. मी पोचलो तसे ते हलले, आणि आम्ही एकत्र बोगद्यात शिरलो.

बाहेर पडलो तो उतार सुरू. मी पॅडल थांबवले. दोन्ही बूट समोर स्थिर झाले, आणि त्यांच्या मधोमध, खाली, सगळं पुणं दिवे लावून बसलं होतं.

(काळा पडदा. ब्रेव्हे कार्ड. शेवटच्या चौकटीत निळ्या शाईने लिहिलेली वेळ: 18:50.)