आधी रेडिओ, मग पुरस्कार

(कॅनडाच्या ज्युनो या संगीत-पुरस्कारांविषयी टोरांटो परिसरातल्या मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार. ही तबकडी मी मुद्दाम घरून आणली आहे. पहिल्या रांगेपासून मागे जाऊ द्या. फक्त कडेला धरा, रेषांवर बोट लावू नका. मधल्या कागदी लेबलावर एक छोटं वर्तुळ दिसेल, चार सारख्या भागांत वाटलेलं. एकेका घरात एकेक अक्षर आहे : एम, ए, पी, एल. संगीत, कलाकार, ध्वनिमुद्रण, शब्द. जे घर काळं, ती बाजू कॅनडाची. चारातली दोन भरली की गाणं इथलं धरायचं. आज बोलायचंय ज्युनो पुरस्कारांवर, पण तिथे मला या वर्तुळातूनच जायचं आहे.

१९६५ मध्ये कॅनडातल्याच विनिपेग शहरातल्या काही पोरांची एक रेकॉर्ड बाजारात आली. कंपनीला गाण्याबद्दल खात्री होती. पण पोरं विनिपेगची आहेत हे कळलं तर रेडिओवाले ती लावायचे नाहीत, अशी धास्तीही होती. मग लेबलवर बँडचं नाव छापलंच नाही. छापलं ‘गेस हू?’, म्हणजे ओळखा पाहू कोण. लोकांना वाटावं, इंग्लंडहून आलेलं काहीतरी असेल. गाणं जोरात चाललं आणि तेच नाव त्या पोरांना कायमचं चिकटलं. ही गोष्ट आठवली की मला अजूनही वाईट वाटतं. स्वतःच्या देशात वाजायचं, तर आपण कुठले हे लपवायचं!

त्याच सुमारास, १९६४ मध्ये, टोरांटोत वॉल्ट ग्रीलिस यांनी ‘आरपीएम’ नावाचं संगीत-व्यवसायाचं साप्ताहिक काढलं. गृहस्थ पूर्वी पोलीस खात्यात होते. वर्षअखेरीला वाचकांकडून मतपत्रिका मागवायच्या आणि निकाल अंकात छापायचा, एवढंच तेव्हा पुरस्काराचं रूप. प्रत्यक्ष सोहळा झाला २३ फेब्रुवारी १९७० ला, सेंट लॉरेन्स हॉलमध्ये. सव्वाशेच्या आसपास माणसं. विजेत्यांची नावं आधीच छापून आलेली, त्यामुळे पाकिटं फोडणं नाही, गाणंबजावणं नाही. स्टॅन क्लीज या ग्रीलिस यांच्या मित्राने ट्रॉफी केली होती अक्रोडाच्या लाकडाची, मेट्रोनोमच्या आकाराची. रियाजाला बसलेल्या माणसासमोर लय धरून हलत राहणारं ते यंत्र. आणि तुमच्या हातातल्या तबकडीवरचं वर्तुळही याच क्लीज यांनी आखलेलं.

तेव्हा या पुरस्काराचं नाव वेगळं होतं. नवं नाव सुचवा म्हटल्यावर वाचकांकडून आलं ‘ज्युनो’, पिएर ज्युनो यांच्यावरून. हे ना गायक ना संगीतकार. कॅनडाच्या प्रसारण नियामक आयोगाचे पहिले अध्यक्ष, सरकारी माणूस. मग गाण्याच्या पुरस्काराला यांचं नाव का? कारण याच आयोगाने नियम केला की जानेवारी १९७१ पासून एएम रेडिओवर वाजणाऱ्या संगीतात किमान ३० टक्के वाटा इथल्या, म्हणजे त्या वर्तुळात बसणाऱ्या, संगीताचा हवा. स्टेशनवाल्यांनी ओरड केली : इतक्या चांगल्या रेकॉर्डी आणायच्या कुठून? काहींनी तर इथली गाणी रात्री उशिराच्या वेळात ढकलून आकडा भरला. तरीही नियम टिकला, स्टुडिओ उभे राहिले, कंपन्या पैसे घालायला लागल्या. जो रोज कानावर पडतो त्यालाच लोक मत देणार ना? पुरस्कार देणाऱ्यांना हे नीट कळलेलं होतं, म्हणून त्यांनी रेडिओची दारं उघडणाऱ्याचं नाव ट्रॉफीला दिलं. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

आपल्याकडचं आठवा. १९५२ मध्ये केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आपलेच बाळकृष्ण केसकर. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांची शास्त्रीय संगीताबद्दलची तळमळ खरी होती, त्यात मला शंका नाही. पण लोकांच्या आवडीचं काढून घेणं वेगळं आणि त्याच्या शेजारी आपल्यासाठी जागा राखणं वेगळं. त्याच आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ पासून गदिमा आणि सुधीर फडके यांना आठवड्याची एक वेळ नेमून दिली, आणि वर्षभरात गीतरामायणाची ५६ गाणी झाली. लोक त्या वेळेला रेडिओपाशी येऊन बसत. ते कुणी सक्तीने बसवलेले नव्हते.

आता इथला गायक स्टॉम्पिन टॉम कॉनर्स. याच्याबद्दल मी तासभर बोलू शकेन. गाताना डावा पाय इतक्या जोरात आपटायचा की खाली प्लायवूडची फळी ठेवायला लागायची. गाणी कशावर? प्रिन्स एडवर्ड आयलंडचे बटाटे, सडबरीच्या खाणकामगारांची शनिवारची रात्र, टिल्सनबर्गच्या तंबाखूच्या शेतातली मजुरी. १९७८ मध्ये या माणसाने स्वतःचे सहा ज्युनो परत पाठवले. राहायचं, कमवायचं अमेरिकेत, आणि पुरस्कार घ्यायला तेवढं इथे यायचं, अशांना ज्युनो का देता, हा त्याचा सवाल. त्यानंतर दहाएक वर्षं तो जवळपास गप्पच होता. मला त्याचं सगळं पटत नाही. आपण इथे बसलेले सगळेच घर एकीकडे आणि काम दुसरीकडे असलेले. पत्त्यावरून माणूस कुठला ते कसं ठरवायचं? पण हातात आलेला मान परत करताना त्याला काय वाटलं असेल, तेही मला समजतं.

उलट बाजूही बघा. १९९१ मध्ये ब्रायन ॲडम्स या कॅनडाच्याच गायकाची गाणी या वर्तुळात बसली नाहीत, कारण शब्द आणि संगीतात परदेशी माणूस सहभागी होता. केवढा गाजावाजा झाला! मग नियमच थोडा बदलला.

आणि आपली माणसं? गझल आणि पंजाबी लोकगीतं गाणाऱ्या किरण अहलुवालिया यांना दोनदा ज्युनो मिळाला आहे, २००४ आणि २०१२ मध्ये. २०२५ पासून दक्षिण आशियाई संगीताला स्वतंत्र विभाग आहे. पंजाबी मुलांनी ब्रॅम्प्टन आणि सरे या इथल्या शहरांतल्या घरांतून गाणी करून तिथवर मजल मारली.

तबकडी शेवटच्या रांगेत पोचली वाटतं. एकदा परत त्या वर्तुळाकडे बघा. त्यात भाषेचं घर नाही. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळालेला माणूसही त्यात इथलाच धरला जातो. तुमच्यातल्या कुणी मिसिसागाच्या बेसमेंटमध्ये मराठी शब्द लिहिले, चाल लावली, स्वतः गायलं आणि तिथेच रेकॉर्ड केलं, तर चारही घरं काळी होतात.