दुसऱ्या फळीतली आईस हॉकी

(दृश्य : जवळजवळ रिकामी रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान. बर्फ गुळगुळीत करणारी झाम्बोनी गाडी शेवटचा फेरा मारतेय. दाराशी हेल्मेट घातलेली मुलं वाट बघत उभी आहेत.)

रात्रीचे पावणेअकरा. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांच्या गावांत ही वेळ कॉलेजच्या हॉकी क्लबची असते. संध्याकाळभर इथे लहान मुलांचे वर्ग झाले, फिगर स्केटिंगवाल्या मुली येऊन गेल्या, नोकरदारांची लीग आटोपली. उरलेला तास या पोरांच्या वाट्याला आला. तोही फुकट नाही. रिंक तासाच्या भाड्यानं मिळते, तासाला काहीशे डॉलर मोजावे लागतात, आणि बहुतेक क्लबांत ते भाडं खेळाडूंच्या वर्गणीतून भागतं. प्रवासाची बस, पंच, जर्सी, दूरच्या सामन्यांसाठी हॉटेलच्या खोल्या, सगळं त्याच वर्गणीतून. वर्षाला दोन-तीन हजार डॉलर भरणारी मुलं सर्रास आढळतात. शिवाय स्टिक मोडली तर नवी स्टिक ज्याची त्यानं घ्यायची.

यांचा खेळ कितपत चांगला असतो, असं तिथे विचारलं की दोन उत्तरं मिळतात. एक जण म्हणतो, हौशी पोरं आहेत, पडतात, उठतात, मजा करतात. दुसरा म्हणतो, क्लबांच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या डिव्हिजनचा एखादा सामना बघून या, मग बोलू. दोघंही खरंच सांगतात. दोघांनी पाहिलेले संघ वेगळे असतात, एवढंच.

(दृश्य : नकाशा. आधी मोजके ठिपके, मग बघता बघता देशभर शेकडो.)

अमेरिकेत विद्यापीठांच्या खेळांची सर्वांत मोठी संघटना म्हणजे एनसीएए. तिच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये पुरुषांची आईस हॉकी खेळणारी विद्यापीठं साठ-पासष्टच्या घरात आहेत. एवढ्या मोठ्या देशात ही संख्या अगदीच थोडी. कारण उघड आहे : रिंक बांधायची, बर्फ राखायचा, शिष्यवृत्त्या द्यायच्या, पगारी प्रशिक्षक ठेवायचे, हे मोजक्याच विद्यापीठांना परवडतं. मग लहानपणापासून पहाटे पाचला उठून सराव केलेल्या बाकीच्या मुलांनी जायचं कुठे? या मुलांच्या क्लबांना एका छताखाली आणण्यासाठी १९९१ साली अमेरिकन कॉलेजिएट हॉकी असोसिएशन, म्हणजे एसीएचए, स्थापन झाली. आज तिच्यात पुरुषांचे तीन आणि महिलांचे दोन डिव्हिजन आहेत आणि संघांची संख्या चारशेच्या वर आहे.

मुंबईच्या कांगा लीगमध्ये ‘ए’पासून ‘जी’पर्यंत डिव्हिजन असतात. वर रणजीपटू दिसतो, खाली रविवारी हौसेनं मैदानात उतरलेला बँकेतला कारकून. लीगचं नाव एकच, म्हणून दोघांच्या खेळाला कुणी एकाच मापानं मोजत नाही. एसीएचएचंही असंच आहे. क्लब हॉकी या एका नावाखाली इतके थर आहेत, की सरसकट काहीही बोललं तरी ते कुणावर तरी अन्यायच करतं.

(दृश्य : ज्युनियर लीगचा सामना. छोटं गाव, भरलेला स्टँड.)

संघाचा दर्जा ओळखायचा तर पहिला प्रश्न हा विचारावा : ही मुलं आली कुठून? अमेरिकेत आणि कॅनडात शाळा संपल्यावर चांगला हॉकीपटू बहुतेक वेळा थेट कॉलेजात जात नाही. तो ज्युनियर लीगमध्ये उतरतो. घरापासून शेकडो मैल दूर, अनोळखी कुटुंबाच्या घरी राहून, एक-दोन वर्षं नुसती हॉकी खेळतो. त्यामुळे एनसीएएच्या पहिल्या डिव्हिजनमधला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी कित्येकदा वीस वर्षांचा, भरलेल्या अंगाचा गडी असतो. ज्युनियरच्या सर्वांत वरच्या लीगमधली मुलं तिकडे जातात. त्याखालच्या लीगमधली काही एनसीएएच्या तिसऱ्या डिव्हिजनकडे वळतात, काही एसीएचएच्या पहिल्या डिव्हिजनकडे. इथे सीमारेषा पुसट होते. एसीएचएच्या पहिल्या डिव्हिजनमधले वरचे संघ आणि एनसीएएच्या तिसऱ्या डिव्हिजनमधले मधले संघ यांच्यात डावं-उजवं करणं कठीण आहे. दोन्हीकडची मुलं वर्ष-दोन वर्षांपूर्वी एकाच ज्युनियर संघात एकमेकांना पास देत होती.

याउलट एसीएचएच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये शाळेच्या संघातून आलेली मुलं मोठ्या संख्येनं असतात. काही दोन वर्षं स्केट्सला हात न लावता परत आलेली असतात. तिथेही एखादा असा निघतो, जो वर सहज खेळला असता, पण इंजिनिअरिंगसाठी त्यानं हे विद्यापीठ निवडलं आणि इथे याच डिव्हिजनचा संघ होता.

(दृश्य : स्लो मोशन. गोलपोस्टच्या मागे एक डिफेन्समन पक ताब्यात घेतो.)

आता हे दृश्य नीट बघा. दर्जातला फरक इथे डोळ्यांना दिसतो.

पक म्हणजे कडक रबराची चकती. व्यास तीन इंच, जाडी एक इंच, वजन साधारण १७० ग्रॅम. उसळू नये म्हणून सामन्याआधी ती गोठवून ठेवतात. डिफेन्समन आपल्याच गोलमागे ती ताब्यात घेतो. समोरून प्रतिस्पर्धी फॉरवर्ड अंगावर येतोय. हातात जेमतेम एक सेकंद.

कच्च्या संघाचा डिफेन्समन काय करतो? खाली पककडे बघतो. मान वर करेपर्यंत फॉरवर्ड येऊन आदळलेला असतो. किंवा घाईघाईनं पक काचेवर मारून पुढे लोटतो, नशीब असेल तिकडे जाईल. पक्क्या संघाच्या डिफेन्समननं पकपर्यंत पोहोचण्याआधीच दोनदा खांद्यावरून मागे बघून घेतलेलं असतं. कोण कुठे आहे हे त्याच्या डोक्यात असतं. तो एक खांदा खाली टाकतो, फॉरवर्ड त्या बाजूला झुकतो, आणि पक उलट्या बाजूनं निघून बोर्डाजवळून, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीजवळून, धावणाऱ्या सोबत्याच्या स्टिकवर अलगद टेकतो. त्या सोबत्याला वेग कमी करावा लागत नाही.

हाच तो फरक. पायातला वेग दोघांचाही चांगला असू शकतो. तिसऱ्या डिव्हिजनमध्येही विजेसारखी स्केटिंग करणारी मुलं असतात, आणि नवखा प्रेक्षक त्यांच्याकडे बघूनच भारावतो. पण दर्जा बघायचा तर पकवरची नजर काढून पक नसलेल्या चार स्केटरांकडे बघावं. ते मोकळ्या जागेत सरकतात का? पक हरला तर लगेच मागे वळतात, की हताश होऊन वळसा घेतात? शिफ्ट, म्हणजे बर्फावर एका वेळी खेळायची पाळी, साधारण पाऊण मिनिटाची. ती संपल्यावर दमलेला खेळाडू वेळेवर बाकावर परततो, की आणखी एका गोलच्या आशेनं बर्फावर रेंगाळतो? तिसऱ्या वीस मिनिटांत हे सगळं उघडं पडतं. आठवड्यातून चार-पाच दिवस सराव करणाऱ्या संघाची शिस्त तेव्हाही टिकते. रात्री अकराचे दोन तास मिळणाऱ्या संघाची सुटते, आणि त्यात त्या मुलांचा दोष काडीचाही नाही.

नियमांत मात्र सवलत नाही. वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड, पुरुषांच्या सामन्यात पूर्ण बॉडी चेकिंग, म्हणजे अंगानं धडक देण्याची मुभा, तोंडावर पूर्ण जाळी. व्यावसायिक हॉकीत मारामारी केली तर पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसून माणूस परत येतो. इथे थेट सामन्यातून हकालपट्टी आणि पुढच्या सामन्यालाही बंदी. शिवाय खेळाडू पूर्णवेळ विद्यार्थी हवा आणि त्याचे गुणही ठरलेल्या पातळीवर हवेत.

(दृश्य : पेनसिल्व्हेनियातलं स्टेट कॉलेज. जुनी छोटी रिंक, मग नवी भव्य इमारत.)

क्लब आणि वरची पातळी यांतलं अंतर पेन स्टेट विद्यापीठानं प्रत्यक्ष चालून पाहिलंय. तिथला क्लब संघ ‘आइसर्स’. क्लब हॉकीतला दादा संघ. २००० ते २००३ अशी सलग चार वर्षं राष्ट्रीय विजेता. खेळायचा ग्रीनबर्ग नावाच्या, तेराशेच्या आसपास प्रेक्षक मावतील अशा रिंकमध्ये. २०१० साली टेरी पेगुला या माजी विद्यार्थ्यानं विद्यापीठाला ८ कोटी ८० लाख डॉलर जाहीर केले. नैसर्गिक वायूच्या धंद्यात पैसा कमावलेला हा माणूस. त्याच्या देणगीतून क्लबचा एनसीएए संघ झाला आणि २०१३ मध्ये सहा हजार प्रेक्षकांची पेगुला आईस अरीना उभी राहिली.

पहिल्या वर्षीच्या एनसीएए संघात काही मुलं जुन्या आइसर्समधली होती. २०१२-१३ च्या त्या हंगामात या संघानं विस्कॉन्सिनला त्यांच्याच गावी हरवलं. पण पुढच्या वर्षी बिग टेन या तगड्या गटात पूर्ण वेळापत्रक खेळायची वेळ आली, तेव्हा ८ विजय, २६ पराभव आणि २ बरोबरी असा हिशेब निघाला. एखाद्या रात्री अंगातली रग सामना जिंकून देते. आठवड्यामागून आठवडे शुक्रवारी आणि शनिवारी तसंच खेळायला मात्र संघात वेगळीच ताकद लागते, बाकावर बसलेला चौथ्या ओळीचा खेळाडूही तेवढाच तयार लागतो. पेन स्टेटनं ती हळूहळू कमावली. २०२५ मध्ये हा संघ देशातल्या शेवटच्या चारांत पोहोचला.

ॲरिझोना स्टेटची वाट अशीच. तिथे तर वाळवंट, आणि आपल्याकडून शिकायला गेलेली मुलं त्या टेम्पी गावात भरपूर. क्लब म्हणून २०१४ साली एसीएचएचं विजेतेपद, त्याच वर्षी ३ कोटी २० लाख डॉलरच्या देणग्या, आणि २०१९ मध्ये एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश. प्रशिक्षक ग्रेग पॉवर्स हे स्वतः याच क्लबचे जुने गोलकीपर. क्लबचा प्रशिक्षक वरच्या पातळीवर टिकणार नाही, असं म्हणणाऱ्यांना त्यांनी चांगलं उत्तर दिलं. २०२२ मध्ये या संघासाठी उभ्या राहिलेल्या पाच हजार आसनांच्या मलेट अरीनात पुढचे दोन हंगाम एनएचएलचा, म्हणजे सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगचा, ॲरिझोना कोयोटीज संघसुद्धा खेळला!

मिशिगनमधलं छोटं ॲड्रियन कॉलेज वेगळ्याच हिशेबानं चाललं. विद्यार्थी कमी झाले होते, म्हणून तिथल्या चालकांनी खेळांत पैसा घातला आणि २००७ मध्ये स्वतःची रिंक बांधली. आज तिथे एनसीएएचेही संघ आहेत आणि एसीएचएचेही अनेक. प्रत्येक संघ म्हणजे फी भरणारी पंचवीस-तीस मुलं. हे ऐकायला रोकडं वाटतं, पण ज्या मुलाला दुसरीकडे कुठेच जागा मिळाली नसती, त्याला इथे रोज दिवसाउजेडी बर्फ मिळतो. माझ्या मते हा सौदा वाईट नाही.

(दृश्य : टाम्पा बेची निळी जर्सी.)

आणि क्लबातून वर गेलेला खेळाडू बघायचा, तर डॅनियल वॉलकॉट. क्यूबेकचा मुलगा. २०१२-१३ मध्ये मिसूरीतल्या लिंडनवूडच्या एसीएचए संघात खेळला, तिथून क्यूबेकच्या ज्युनियर लीगमध्ये गेला. २०१४ साली एनएचएलच्या न्यूयॉर्क रेंजर्स संघानं नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला पाचव्या फेरीत घेतलं. पुढे टाम्पा बे या दुसऱ्या एनएचएल संघानं घेतला. वर्षानुवर्षं दुय्यम लीगमध्ये घाम गाळल्यावर १० मे २०२१ रोजी तो एनएचएलच्या बर्फावर उतरला. क्लब हॉकीतून निघून तो तिथवर पोहोचला.

(दृश्य : महिलांचा सामना. मग संघनिवडीच्या चाचणीचा दिवस, पाठीवर क्रमांक लावलेली मुलं.)

सध्या हे सगळे थर पुन्हा हलताहेत. कॅनडातल्या तीन मोठ्या ज्युनियर लीगमधल्या खेळाडूंना एनसीएए पूर्वी व्यावसायिक समजून दारातच अडवायची. १ ऑगस्ट २०२५ पासून ते दार उघडलं. त्याच उन्हाळ्यात पेन स्टेटनं कॅनडातल्या मेडिसिन हॅटच्या ज्युनियर संघातून सतरा वर्षांचा गॅव्हिन मॅकेना आणला. वरच्या जागा तेवढ्याच आहेत, त्यामुळे तिथे असा एक मुलगा आला की दुसरा खाली सरकतो. तो एनसीएएच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये जातो, तिथला एसीएचएच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये, तिथला दुसऱ्यात. क्लब हॉकीचा खेळ यानं आणखी पक्का होईल. पण शाळेच्या संघातून आलेल्या, खिशातले पैसे भरून रात्री अकराला सरावाला येणाऱ्या मुलासाठी चाचणीतली शर्यत अवघड झालीय.

तुमच्या घरचं कुणी तिकडे शिकत असेल, तर आपल्या विद्यापीठाचा क्लब संघ कोणत्या डिव्हिजनमध्ये आहे ते त्याला बघायला सांगा. हंगाम साधारण सप्टेंबरअखेर सुरू होतो, राष्ट्रीय स्पर्धा मार्चमध्ये असते, सामने बहुतेक शुक्रवारी आणि शनिवारी. जाड जॅकेट घेऊन जावं, आणि शक्यतो गोलच्या मागच्या काचेशी बसावं. डिफेन्समन मान कधी वर करतो, ते तिथून सर्वांत स्पष्ट दिसतं.