गाडी बंद कशी पडली ते आधी सांगा

मागं ऐकू येतंय का? बरं. जुन्या गाड्यांवर बोला म्हणालात, पण मी एकच गोष्ट धरून बोलणारे. गाडी बंद पडते तेव्हा ती कशी बंद पडते हे कुणी बघतच नाही हो. गॅरेजला आले की थेट ऑर्डर, प्लग बदला, कॉइल बदला, एखादा तर म्हणतो हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटरच नवीन टाका. अहो पण पंख्याचं बटण बंद केल्यासारखी एकदम गेली, की आधी धक्के मारले, पिकअप गेला आणि मग बसली? एकदम गेली तर बहुतेक करंट, रडत रडत गेली तर बहुतेक पेट्रोल. बहुतेक म्हणतोय बरं का.

एकदम गेली तर चावी फिरवायची घाई करू नका, आधी डॅशबोर्ड बघा. चार्जिंगचा आणि ऑइलचा लाल दिवा लागलाय म्हणजे तिथपर्यंत करंट येतोय, मग पुढं ठिणगीचा करंट बनवणारी कॉइल, तो प्लगांना वाटणारा डेल्को आणि त्यातले पॉइंट बघायचे. सगळाच अंधार असेल तर बॅटरीचं टर्मिनल, मेन फ्यूज नाहीतर चावीचा स्विच. चावीला घराच्या, दुकानाच्या, कपाटाच्या चाव्या आणि वर देवाचं लॉकेट लटकवता ना, त्या वजनानं आतले पॉइंट झिजतात, खड्ड्यात चाक गेलं की गाडी बंद!

आता आपलं सोलापूरचं ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 ला जातो, त्यात कार्बोरेटरवाली मारुती 800 किंवा पद्मिनी असेल तर मोहोळपासून मस्त पळत येते आणि सात रस्ता चौकाच्या ट्रॅफिकमध्ये बसते. कारण पळताना वारा लागतो, पेट्रोलही सारखं वाहत असतं, उभ्या गाडीत बॉनेटखाली सगळी उष्णता कोंडते, इंजिनला लागून असलेला पेट्रोल पंप तापतो, आत पेट्रोलची वाफ होते आणि वाफ काय त्या पंपाला ढकलता येत नाही. पण गंमत अशी की कॉइलही अस्संच करते, तापली की आतली तार सुटते, गार झाली की परत जुळते. दोन्हीत अर्धा तास थांबलं की गाडी चालू, गॅरेजला नेईपर्यंत एकदम शहाणी, मिस्त्री म्हणतो काहीच नाही. गार कॉइल मीटरवर बरोबरच दाखवणार ना! म्हणून बघायचं ते बंद पडलेल्या जागीच. डिकीत एक जादा प्लग ठेवा, एका प्लगची वायर काढून त्याला लावा, प्लगची बॉडी इंजिनला नीट टेकवा आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. पेट्रोलचा वास येत असेल तर हे करू नका, आणि वायर मोकळी हवेत सोडू नका. निळी कडक ठिणगी आली तर करंट ठीक, मग पंपावर ओलं फडकं टाकून बघा. ठिणगीच नाही तर कॉइलकडं चला. एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरवाली गाडी असेल तर हाच खेळ इंजिन फिरतंय हे सांगणारा क्रँक सेन्सर करतो, तापल्यावर सिग्नल द्यायचं बंद.

बाकी निम्म्या तक्रारी अर्थिंगच्या असतात. इंडिकेटर दिला की हेडलाइट लुकलुकतो, सेल्फ मारला की क्लच केबल गरम होते, हो केबल! इंजिन ते बॉडीची अर्थ पट्टी गंजली की सेल्फचा करंट परत जायला केबलची वाट धरतो. मीटर डीसीवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनला, सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी काढा, घासा, परत आवळा. काम पाना आणि पॉलिश पेपरचं, लोक त्यासाठी नवी बॅटरी घेतात.

चार्जिंग बघायचं तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले पाहिजेत. चालू गाडीत टर्मिनल काढून बघणारे अजून आहेत आपल्याकडं, ती डायनामोच्या काळातली सवय. डायनामोच्या जागी आलेल्या अल्टरनेटरवर असं केलं की व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर असेल तर तो जातो.

काका विचारतायत, चार दिवस उभी राहिली की बॅटरी डाऊन. सगळं बंद करा, दारं लावा, मायनस टर्मिनल काढून मध्ये ॲम्पिअरवर मीटर लावा, फक्त सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. 50 मिलीॲम्पिअरच्या आत असेल तर ठीक. अर्धा ॲम्पिअर असेल तर 35 ॲम्पिअर-अवरची बॅटरी तीन दिवसांत झोपणारच. मग एकेक फ्यूज काढत जा, ज्याला आकडा पडला ती लाइन धरा. बाहेरून बसवलेला टेप, सेंट्रल लॉक आधी बघा. आणि डिकीचा दिवा विझतो का बघायचं तर फोनचा व्हिडिओ चालू करून आत ठेवा आणि डिकी लावा.